पोटातले भाडेकरू आणि ज्वारीची भाकरी

भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यात ज्यांनी दवाखाना चालविला आहे, त्यांना सकाळच्या गर्दीचे वर्णन सांगावयास नको. त्या गर्दीत निम्मी मंडळी धुळे, नंदुरबार, जळगावकडची असतात. लूमवर काम करणारी, रात्रपाळी आटोपून थेट दवाखान्यात येणारी, आणि औषध कोणतेही द्या पण उद्या कामावर उभे राहता आले पाहिजे, असे बजावणारी. स्मरणिकेच्या संपादकांनी ‘काही वैद्यकीय पण सर्वांना वाचता येईल असे’ लिहावयास सांगितले, तेव्हा मला याच गर्दीतल्या एका आजींची आठवण झाली.

या आजी शहादा तालुक्यातल्या एका खेड्यातून मुलाकडे राहावयास आल्या होत्या. वय साठीच्या पुढे, अंगकाठी काटक, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. तक्रार एकच. समोर बसल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टरसायब, आते भाकर पचत नही.” ज्वारीची भाकरी खाल्ली की पोट फुगते, गुडगुडते, दोन-तीनदा पातळ होते. मी पोट तपासले, एक-दोन तपासण्या करून घेतल्या, काही निघाले नाही. मग आपण सारे जे करतो तेच मी केले. भाकरी बंद, डाळी-कडधान्ये बंद, टोस्ट, ब्रेड आणि मऊ गरम भात चालू. आजींनी आज्ञाधारकपणे दोन महिने ते पाळले आणि पुन्हा आल्या. आता शौचाला खडा होत होता आणि पोट फुगणे होते तसेच होते. त्या दिवशी त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. जन्मभर भाकरी खाल्ली तेव्हा काही झाले नाही, मग आताच काय झाले? वयाचे कारण सांगून मी वेळ मारून नेली. रात्री त्यांचा केसपेपर काढून पाहिला, तर मीच चार महिन्यांत तीन वेळा त्यांना ॲन्टिबायोटिक दिल्याचे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. पहिला कोर्स लघवीच्या जंतुसंसर्गासाठी होता आणि तो योग्य होता. उरलेले दोन गर्दीने आणि मुलाच्या घाईने लिहिले गेले होते, हे मला कबूल केले पाहिजे.

तेव्हापासून ‘भाकरी नेमकी कोण पचवते’ या प्रश्नाच्या मागे मी थोडाफार वाचत आलो आहे. त्यातले काही येथे मांडतो.

पिष्टमय पदार्थ म्हणजे साखरेच्या रेणूंच्या माळा, हे आपण शाळेपासून शिकलो. पण माळेतले मणी कसे ओवले आहेत, यावर सारे अवलंबून आहे. भातातल्या पिठात ग्लुकोजचे रेणू ज्या प्रकारे जोडलेले असतात, तो जोड लाळेतले आणि स्वादुपिंडातले अमायलेज तोडू शकते. गवताच्या काडीतल्या सेल्युलोजमध्येही ग्लुकोजच असतो, पण जोड उलट्या बाजूने असतो. तेवढ्या फरकाने ती काडी आपल्याला अन्न म्हणून निरुपयोगी ठरते. विकर, म्हणजे आपले एन्झाइम, हे कुलपाच्या किल्लीसारखे असते असे आपण म्हणतो. पण साखरेचे जोड तोडणाऱ्या विकरांचे काम किल्लीपेक्षा कात्रीचे आहे. डॅनियल कोशलँड यांनी १९५३ साली त्याची जी रासायनिक रीत सुचविली ती आजही मान्य आहे. विकराच्या खाचेत दोन आम्लधर्मी अमिनो आम्ले समोरासमोर असतात. एक जोडावर प्रोटॉन देते, दुसरे एक तर स्वतः हल्ला चढविते किंवा पाण्याच्या रेणूला पुढे करते, आणि माळ त्या जागी तुटते. अशा कात्र्यांचे वर्गीकरण फ्रान्समधील बर्नार्ड हेन्रिसा यांनी १९९१ पासून त्यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून केले. आज अशी दीडशेहून अधिक कुळे ज्ञात आहेत.

आता आपल्या वाट्याला यातल्या किती कात्र्या आल्या? अन्नातल्या शर्करा पचविण्याच्या उपयोगी पडतील अशी विकरे मानवी जनुकसंचात फार तर सतराच्या आसपास आहेत. अमायलेज, माल्टेज, सुक्रेज, लॅक्टेज ही त्यांतली आपली ओळखीची नावे. याउलट मोठ्या आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरॉइडिस थिटायोटाओमायक्रॉन या एकट्या जीवाणूकडे अशी अडीचशेहून अधिक विकरे आहेत. त्याचा जनुकसंच अमेरिकेतल्या सेंट लुईस येथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने २००३ साली प्रसिद्ध केला. जीवाणूचे नाव उच्चारतानाच दमछाक होते, म्हणून यापुढे त्याला ‘थिटा’ म्हणू. आजींची भाकरी कोण पचवीत होते, याचे निम्मे उत्तर येथेच मिळते. भाकरीतले बरेचसे पीठ आजी स्वतः पचवीत होत्या. पण ज्वारीच्या पिठाचे कण काफिरिन नावाच्या प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेले असतात, आणि अमायलेज तेथे सावकाश पोहोचते. शिवाय कोंड्यासह दळलेल्या पिठात अरॅबिनोझायलॅनसारख्या बहुशर्करा असतात, ज्यांना हात लावणारे एकही विकर माणसाकडे नाही. हे सारे जसेच्या तसे मोठ्या आतड्यात उतरते. तेथे जे राहतात, त्यांचे ते जेवण.

थिटा जेवतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. त्याची पहिली उकल इलिनॉय विद्यापीठातील ॲबिगेल सॅलियर्स यांनी १९८०च्या दशकात सुरू केली. पिष्टासाठी त्याच्याकडे आठ जनुकांचा एक संच असतो. त्यातून बनलेली काही प्रथिने जीवाणूच्या बाहेरच्या आवरणावर बसून पिठाचा रेणू नुसता धरून ठेवतात, कारण आतड्याच्या प्रवाहात तो हातचा निसटून जाण्याची भीती असते. शेजारचे एक विकर त्या माळेचे मोठे तुकडे करते. ते तुकडे एका दारातून आत ओढले जातात. दोन आवरणांमधल्या पोकळीत आणखी दोन विकरे त्यांचे ग्लुकोज करतात. आणि या सर्वांवर एक पहारेकरी प्रथिन, जे माल्टोजची चाहूल लागली की मगच बाकीची जनुके चालू करते. पीठ नसेल तेव्हा कारखाना बंद. खुबी अशी की माळ बाहेर पूर्ण कापली जात नाही. कापली असती तर साखर शेजाऱ्यांनी पळविली असती. पिष्टासाठी हा एक संच, तशाच धर्तीचे सुमारे ८८ संच थिटाकडे वेगवेगळ्या शर्करांसाठी आहेत. फळातल्या पेक्टिनसाठी वेगळे, आतड्याच्या श्लेष्मातल्या शर्करांसाठी वेगळे. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे परत येऊ.

सुरतेत राहणाऱ्याला पुढचा भाग समजावून सांगणे सोपे आहे. येथे एका कारखान्यात सूत आले आणि साडी बाहेर पडली असे होत नाही. लूमवर ग्रे कापड होते, ते रंगाईच्या मिलमध्ये जाते, तेथून भरतकामाला, मग टिकल्या-लेस लावायला घरोघरी बायकांकडे. प्रत्येकाचा जॉबवर्क वेगळा आणि प्रत्येकाचे पोट आधीच्याच्या कामावर. मोठ्या आतड्यात हेच चालते. न पचलेल्या कठीण पिठाचा पहिला कापणारा बहुधा रुमिनोकॉकस ब्रोमाय हा असतो. तो नसलेल्या माणसाच्या विष्ठेत हे पीठ बरेचसे तसेच राहते आणि तो मिसळला की फुटू लागते, हे २०१२ मध्ये स्कॉटलंडमधील संशोधकांनी दाखविले. तो कापतो, पण सारे स्वतः खात नाही. उरलेली साखर इतर उचलतात. बायफिडोबॅक्टेरिया लॅक्टेट आणि ॲसिटेट टाकून देतात, ते दुसरे काही जीवाणू उचलतात आणि त्याचे ब्युटिरेट करतात. शेवटी हाती येतात ती तीन लहान मेदाम्ले, म्हणजे ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट, साधारण ६०, २० आणि २० अशा प्रमाणात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रक्तातल्या ग्लुकोजपेक्षा ब्युटिरेटवर अधिक जगतात. म्हणजे आपण भाकरी खातो तेव्हा आपल्या आतड्याच्या शेवटच्या पाच फुटांना तिचा वाटा या भाडेकरूंच्या हातूनच मिळतो.

जाता जाता एक आठवण. पुण्याच्या आरती या संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती बायोगॅसचे छोटे संयंत्र तयार केले. त्यात शेणाऐवजी उरलेले पीठ, शिळे अन्न, खराब झालेले धान्य घालावयाचे. त्या कामाला २००६ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेणातून आलेले जीवाणू गाईच्या पोटात जे करतात तेच टाकीत करतात, त्यांना फक्त खाऊ बरा द्यावा लागतो, हा त्यामागचा विचार. आपल्या पोटातही एक लहानशी टाकी आहे, आणि तिच्या वायूचा त्रास हीच बहुतेक रुग्णांची तिच्याशी एकमेव ओळख आहे.

वायूचा विषय निघालाच आहे, तर उत्तरायणातल्या उंधियूला टाळता येत नाही. सुरती पापडी, कंद, रताळी, कच्ची केळी, आणि वर मेथीची मुठिया. पोटातल्या जीवाणूंच्या दृष्टीने यापेक्षा मोठे लग्नाचे जेवण कोणते? पापडीतल्या वालात रॅफिनोज, स्टॅकिओज आणि व्हर्बॅस्कोज या शर्करा असतात. त्यांतला गॅलॅक्टोजचा जोड तोडणारे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज आपल्या लहान आतड्यात नसते. त्या तशाच खाली जातात, आणि १५ जानेवारीला सकाळी दवाखान्यात काय दृश्य असते ते येथील डॉक्टर जाणतात. आपल्याकडे कडधान्यांना मोड आणण्याची जी रीत आहे तिचे मर्मही याच विकरात आहे. अंकुरताना बी स्वतःच ते विकर तयार करते आणि आपल्या साठ्यातल्या या शर्करा फोडून कोंबाला पुरविते. मोडाची मटकी न भिजवलेल्या मटकीपेक्षा पोटाला हलकी लागते ती यामुळे. शिळ्या भाकरीचा आणि शिळ्या भाताचा हिशेब मात्र उलटा. शिजलेले पीठ थंड झाले की त्यातल्या अमायलोजच्या माळा पुन्हा घट्ट बसतात आणि अमायलेजला दाद देत नाहीत. सकाळच्या फोडणीच्या भातातला थोडा अधिक वाटा जीवाणूंकडे जातो. रात्रीच्या भाकरीचा सकाळी दुधात काला करून खाणाऱ्या आपल्या आजोबांनी हे कोठे वाचले नव्हते.

ही विकरे आपल्याला मिळतात कोठून? पहिला हप्ता आईकडून. आईच्या दुधात लिटरला सुमारे ५ ते १५ ग्रॅम अशा शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. निसर्गाने एवढी साखर वाया घालविली कशी, हा प्रश्न पूर्वी पडत असे. बायफिडोबॅक्टेरियम इन्फॅन्टिसचा जनुकसंच २००८ मध्ये समोर आला आणि त्याच्याजवळ याच शर्करा आत ओढण्याची व फोडण्याची पूर्ण सामग्री सापडली. आई दुधातून बाळाला पाजते आणि त्याच्या भाडेकरूलाही. पुढे माणसे जे खातात त्याच्यावरून हत्यारे जमत जातात. जपानी लोक सुशीला जे समुद्रशेवाळ गुंडाळतात त्यातली पॉर्फिरॅन ही शर्करा तोडणारे विकर समुद्रातल्या जीवाणूंकडे असते. तेच जनुक जपानी माणसांच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइडिस प्लेबियसमध्ये २०१० साली आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या अमेरिकी लोकांत ते मिळाले नाही. शेवाळाबरोबर समुद्रातला जीवाणू पोटात गेला आणि आपली कात्री तेथल्या रहिवाशाला देऊन गेला.

त्याच वर्षी इटलीच्या संशोधकांनी बुर्किना फासोमधल्या बुलपॉन या खेड्यातल्या मुलांची तुलना फ्लॉरेन्समधल्या मुलांशी केली. त्या खेड्यातले जेवण बाजरी, ज्वारी आणि चवळीचे. म्हणजे आपल्या खानदेशातल्या घरात नेऊन बसविले तर कोणाला वेगळे वाटू नये असे. त्या मुलांत झायलॅन आणि सेल्युलोज फोडणारे प्रेव्होटेला वर्गातले जीवाणू भरपूर होते, आणि लहान मेदाम्लेही फ्लॉरेन्सच्या मुलांपेक्षा अधिक. भारतातही २०१९ मध्ये भोपाळच्या आयसर संस्थेच्या चमूने भोपाळ आणि केरळमधील ११० निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. भोपाळकडच्या, मुख्यतः शाकाहारी, धान्यप्रधान जेवणाऱ्यांत प्रेव्होटेलाचे प्राबल्य होते. पुण्यातही डॉ. योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या एकत्र कुटुंबांत वयाबरोबर हे जीवाणू कसे बदलतात ते पाहत होते. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

आमच्या वस्तीच्या दृष्टीने मला सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास मात्र २०१८चा आहे. थायलंडमधून अमेरिकेतल्या मिनेसोटात गेलेल्या ह्मोंग आणि कॅरेन स्त्रियांचा तो आहे. गाव सोडल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या पोटातले प्रेव्होटेलाचे वाण आणि वनस्पतीजन्य तंतू फोडणारी विकरे कमी होऊ लागली, बॅक्टेरॉइडिस वाढू लागले, आणि ज्यांना तेथे राहून अनेक वर्षे झाली होती त्यांच्यात घट अधिक होती. त्यांच्या तेथे जन्मलेल्या मुलींत तर आणखी. शहाद्याहून भेस्तानला येणे म्हणजे थायलंडहून अमेरिकेला जाणे नव्हे, हे मला कळते. पण खोलीत स्टोव्ह, बारा तासांची पाळी, भाकरी थापायला वेळ नाही, सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव किंवा मैद्याचे काहीतरी, असे वर्षानुवर्षे जेवण झालेल्या लूमकामगाराच्या पोटात काय शिल्लक आहे, हे कोणी मोजलेले माझ्या वाचनात नाही.

उंदरांवर हे मोजले गेले आहे. २०१६ मध्ये दोन निबंध आले. एकात तंतुविरहित अन्नावर उंदरांच्या चार पिढ्या वाढविल्या. पहिल्या पिढीत कमी झालेले जीवाणू तंतू पुन्हा दिले की बहुतांशी परतले. पुढच्या पिढ्यांत जे गेले ते केवळ अन्न बदलून आले नाहीत. दुसऱ्यात तंतू न मिळालेले जीवाणू आतड्याच्या श्लेष्माकडे वळले. थिटाजवळ श्लेष्मातल्या शर्करांसाठी वेगळे संच असतात असे वर म्हटले, ते येथे उपयोगात आले. श्लेष्माचा थर पातळ झाला आणि रोगजंतूचा संसर्ग दिला तेव्हा तो अधिक खोलवर गेला. उपाशी भाडेकरू घराची भिंत खातो, हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर मला माझी टोस्ट-ब्रेडची चिठ्ठी आठवली. उंदराचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत हे खरे. पण चिठ्ठी आठवायची ती आठवलीच.

डॉक्टर मंडळींसाठी आणखी दोन गोष्टी. एक, ॲन्टिबायोटिकनंतरचे जुलाब दर वेळी क्लॉस्ट्रिडियमचे नसतात. जीवाणू घटले की शर्करा न फुटता मोठ्या आतड्यात राहतात, पाणी ओढून धरतात, आणि लहान मेदाम्ले कमी झाल्याने सोडियम व पाणी शोषले जाण्याचेही घटते. दुसरी गोष्ट याच तत्त्वाची सरळ बाजू आहे आणि ती आपल्याच देशात घडली. कॉलराच्या विषाने लहान आतड्यातून पाणी वाहत असते, पण मोठ्या आतड्याची मेदाम्लांबरोबर सोडियम ओढण्याची वाट तेव्हाही खुली असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. बी. एस. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी कॉलराच्या ४८ रुग्णांपैकी एका गटाला नेहमीचे ओआरएस, दुसऱ्याला त्यात तांदळाचे पीठ आणि तिसऱ्याला लिटरमागे ५० ग्रॅम अमायलेजला न जुमानणारे मक्याचे पीठ घालून दिले. जुलाबांचा सरासरी काळ पहिल्या गटात सुमारे ९१ तास, दुसऱ्यात ७१ आणि तिसऱ्यात ५७ तास होता. हा निबंध २००० साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. १९७१च्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंना वाचविले, ते लहान आतड्याच्या वाटेने. वेल्लोरच्या चमूने मोठ्या आतड्याची वाट दाखविली, आणि तेथे काम जीवाणूंच्या कात्र्यांचे होते. आपल्या पाकिटातल्या ओआरएसमध्ये हे पीठ अजून आलेले नाही. ढाक्याला मात्र २००१ मध्ये दीर्घकाळ जुलाब चाललेल्या मुलांना शिजवलेली कच्ची केळी देऊन चांगला गुण आल्याचे नोंदले गेले, आणि कच्ची केळी भेस्तानच्या भाजीबाजारात रोज मिळतात.

अकार्बोज आणि व्होग्लिबोज आपण मधुमेहात सर्रास लिहितो. ती आपल्याच विकरांना अडवून पीठ खाली ढकलतात, म्हणून तो वायू. २०२१ मध्ये असेही दिसले की मुखातल्या आणि आतड्यातल्या काही जीवाणूंकडे अकार्बोज निकामी करणारे विकर आहे. म्हणजे औषधालाही त्यांची परवानगी लागते!

आजींकडे वळतो. मी त्यांना खरे कारण सांगितले, माझ्या चिठ्ठ्यांसह. त्या हसल्या, मुलगा नाही हसला. मग पाव भाकरीपासून सुरुवात केली, तीही ताकाबरोबर, दुपारीच. आठवड्याने अर्धी. मुगाला मोड आणून, पाणी टाकून. पहिले पंधरा दिवस पोट फुगतच राहिले आणि दोनदा मला वाटले की सोडून द्यावे. तिसऱ्या महिन्यात त्या दोन्ही वेळा भाकरी खाऊ लागल्या होत्या. हे जीवाणू परतल्यामुळे झाले की काळाने आपोआप झाले, हे सांगण्याचे कोणतेही साधन माझ्या दवाखान्यात नव्हते, आणि एका रुग्णावरून सिद्धान्त मांडण्याचे वयही आता राहिले नाही. त्या गावी परत गेल्या. दिवाळीनंतर मुलाबरोबर त्यांनी माझ्यासाठी कळण्याच्या भाकरी पाठविल्या, उडीद आणि ज्वारी एकत्र दळून केलेल्या, सोबत ठेचा. प्रवासात त्या शिळ्या झाल्या होत्या. मुलगा संकोचून म्हणाला, “साहेब, ताज्या असत्या तर...” मी त्याला बसवून अमायलोजची गोष्ट सांगू लागलो, तेवढ्यात बाहेरून कंपाउंडरने पुढचा नंबर पुकारला.